ऋणनिर्देश आणि स्तवन

नवे मराठी पुस्तक हाती आले, की प्रस्तावना ओलांडून प्रथम ऋणनिर्देशाचे पान काढावयाचे, अशी एक खोड मला फार वर्षांपासून जडली आहे. ग्रंथकाराने विषयाचा अभ्यास किती केला हे त्या पानावरून कळत नाही; परंतु त्याने माणसांचा अभ्यास किती केला हे बरेचसे कळते. बहुतेक ठिकाणी मजकूर ठरलेला असतो. आरंभी मार्गदर्शक गुरुवर्य, त्यांच्या मागोमाग संस्थेचे अध्यक्ष, मग प्राचार्य, मग सहकारी, ग्रंथपाल, मुद्रक, मुखपृष्ठाचे चित्रकार, आणि अगदी शेवटच्या ओळीत, जागा उरली असल्यास, घरची मंडळी. हा क्रम उपकारांच्या मोठेपणाचा नसतो, उपकारकर्त्यांच्या अधिकाराचा असतो, हे सांगावयास नकोच. आमच्या सभासंमेलनांतील आभारप्रदर्शनाची गतही याहून निराळी नाही. अध्यक्षांचे भाषण संपले, की श्रोते पायांनीच चपला चाचपू लागतात. त्या गडबडीत कोणी एक गृहस्थ उभे राहतात आणि मांडववाल्यापासून ध्वनिक्षेपकवाल्यापर्यंत सर्वांस एका दमात मोकळे करतात. मोकळे करतात हाच शब्द येथे योग्य. आभार मानले, की देणे फिटले, असा त्या विधीचा अर्थ आहे.

शब्दांचा थोडा विचार केला तर असे का होते ते ध्यानात येते. 'आभार' या शब्दात भार उघडच बसलेला आहे, आणि भार म्हटला की तो उतरवून टाकण्याची घाई आलीच. 'उपकार फेडणे' हा प्रयोग तर सरळ सावकाराच्या ओसरीवरून उठून आलेला दिसतो. 'कृतज्ञ' हा शब्द मात्र निराळ्या कुळातील आहे. केलेले जाणतो तो कृतज्ञ. येथे देण्याघेण्याची गोष्ट नाही, जाणण्याची आहे. कोणी काय केले, कशा रीतीने केले, ते करताना त्याला काय सोसावे लागले, हे ज्यास बारकाईने ठाऊक आहे तो कृतज्ञ. मग त्याने तोंडावाटे एक शब्द काढला नाही तरी चालेल. आमच्या आयाबहिणींनी शेजारणीच्या वाटीची परतफेड करताना 'आभारी आहे' असे कधी म्हटल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. परंतु शेजारचे भांडे त्यांनी रिकामे परत पाठविले नाही. घरात काहीच नसले तर चिमूटभर साखर तरी त्यात पडतच असे.

याच गोष्टीचे दुसरे उदाहरण आमच्या अंबडच्या शिवारात पोळ्याच्या आदल्या सायंकाळी पाहावयास मिळते. त्या दिवशी खांदेमळण असते. वर्षभर जेथे जू बसले, त्या बैलाच्या खांद्यास तूप किंवा लोणी व हळद लावून तो मळतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे त्यास आवतण देतात. पोळ्याच्या झुली, बाशिंगे आणि वाजंत्री ही सर्व शोभा मला त्या एका कृतीपुढे दुय्यम वाटते. शोभा बैलाची होते. खांदेमळणीत मात्र त्याने काय केले व ते शरीराच्या कोणत्या भागाने केले, याची नेमकी जाण आहे. आता ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, हे खरे. परंतु कृतज्ञतेची याहून चांगली व्याख्या मला कोणत्याही कोशात आढळलेली नाही. भार ज्याने वाहिला, त्याच्या खांद्यावर हात फिरविणे, ही ती व्याख्या.

वाङ्मयाकडे वळले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट दिसते. कृतघ्नतेचे वाङ्मय विपुल आहे. कृतज्ञतेचे फार थोडे. लिअर राजाच्या दोन वडील मुलींनी जगास चारशे वर्षे रडविले. त्याच बीजातून उगवलेला शिरवाडकरांचा 'नटसम्राट' १९७० साली मराठी रंगभूमीवर आला आणि आमच्या प्रेक्षकांनी त्याला कुटुंबातील माणसासारखे आपले म्हटले. कृतघ्नतेत नाट्य असते. अपेक्षा, भंग, आक्रोश सर्व आयते मिळते. कृतज्ञतेत काय आहे? कोणी काही दिले, दुसऱ्याने ते जाणले, संपले. त्यात पडदा उघडावा असे काही घडत नाही. म्हणून कवीही बहुधा तिला मंगलाचरणाच्या चार ओळींत उरकतात आणि पुढे आपल्या विषयाकडे वळतात. ज्या ग्रंथकाराने तिला चार ओळी न देता जवळजवळ एक संबंध दशक दिले, तो आमच्याच मुलखातला आहे, आणि त्याच्या ग्रंथाच्या त्याच भागाकडे वाचकांचे सर्वांत अधिक दुर्लक्ष झाले आहे.

समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली जांब येथे झाला. हे गाव पुष्कळ वर्षे अंबड तालुक्यातच मोडत असे. पुढे घनसावंगी हा स्वतंत्र तालुका झाला व जांब त्यात गेले. सरकारी दप्तरातील ही वाटणी अंबडच्या माणसांनी मनाने फारशी मानलेली नाही. असो. दासबोधात वीस दशके व दोनशे समास आहेत. मागील शतकातील अभ्यासकांनी या ग्रंथात बहुधा राजकारण शोधले, महाराष्ट्रधर्म शोधला, प्रयत्नवाद शोधला; त्यासाठी ते अकराव्या दशकाकडे, अठराव्या दशकाकडे धावले. पहिले दशक 'स्तवनांचे' म्हणून मागे पडले. पारायण करणारे ते वाचतात, पण पारायणात पहिले दशक उत्साहाच्या भरात सरकून जाते. परीक्षेच्या क्रमिक पुस्तकांतून तर मूर्खलक्षणांखेरीज दासबोधात दुसरे काही आहे अशी शंकाही विद्यार्थ्यास येत नाही.

पहिल्या दशकाची रचनाच पाहावी. पहिल्या समासात ग्रंथात काय आहे ते सांगून समर्थ आपण कोणकोणत्या ग्रंथांचा आधार घेतला त्यांची नावे देतात: निरनिराळ्या गीता, वेद, वेदांत, उपनिषदे, भागवत. मग गणेश, शारदा, सद्गुरू, संत, श्रोते, कवेश्वर, सभा, परमार्थ आणि शेवटी नरदेह, अशी नऊ स्तवने येतात. गणेश, शारदा आणि गुरू येथवर परंपरेची वाट आहे. पुढे मात्र क्रम हळूहळू जमिनीवर उतरू लागतो. जे ऐकावयास बसले आहेत ते. ज्यांनी आपल्या आधी लिहिले ते. ज्या ठिकाणी चार माणसे एकत्र आली ती सभा. आणि अखेरीस ज्या हातापायांनी, डोळ्यांनी, जिभेने हे सर्व चालले आहे तो देह. ग्रंथ लिहावयास काय काय लागते, याची ही जवळजवळ व्यवहारी यादी आहे. आमच्या ऋणनिर्देशात आणि हिच्यात फरक एवढाच, की ही यादी आरंभी आहे, कामास हात घालण्यापूर्वी. पुढल्या माणसास मोकळे करण्याचा हेतू तेथे संभवतच नाही. अजून त्याच्याकडून सर्व काही घ्यावयाचेच आहे.

यांतील सद्गुरुस्तवन हा समास साहित्यदृष्ट्या मोठा कुतूहलाचा आहे. गुरूस सूर्य म्हणावे, मेरू म्हणावे, परीस म्हणावे, अमृत म्हणावे, कल्पतरू म्हणावे, असा कवींचा प्रघात. समर्थ या उपमा एकेक करून हाती घेतात, तपासतात आणि टाकून देतात. अमुक नाशवंत आहे, तमुक अपुरे आहे, अमक्याने लोखंडाचे सोने होते पण सोन्याच्या अंगी परिसाचा गुण येत नाही. अखेर उपमांचा सगळा बाजार उठतो आणि वर्णन होत नाही हेच आपले वर्णन, असे सांगून ते थांबतात. अतिशयोक्ती म्हणून कोणी हे सोडून देईल. मला त्यात एक कारागिराची सचोटी दिसते. उपकार मोठा असला, की माणूस तयार शब्दांकडे वळतो. 'शब्द अपुरे आहेत' हेही आता एक तयार वाक्यच झाले आहे. समर्थ तेच म्हणतात, परंतु शब्द खरोखर अपुरे पडेपर्यंत ते एकेक शब्द वापरून पाहतात. आमचे लेखक वापरून न पाहताच अपुरे म्हणून जाहीर करतात.

श्रोतेस्तवनाविषयी मात्र माझे मन सर्वस्वी निःशंक नाही. श्रोत्यांस संत, ज्ञानी, भक्त म्हणून गौरवावयाचे आणि आपण मतिमंद असल्याचे सांगावयाचे, ही कीर्तनकाराची जुनी युक्ती आहे. बैठक जिंकण्याचे ते साधन आहे. लिअरच्या दरबारात वडील मुलींनी जी भाषा वापरली तिच्यात आणि या भाषेत वरवर पाहता फार अंतर नाही. मग स्तवन आणि स्तुती, स्तुती आणि खुशामत यांचा भेद कोठे? माझ्या मते तो भेद समर्थांच्या एका दृष्टांतात सापडतो. वाघसिंहांस पाहून लोक भयभीत होतात, परंतु त्यांची पिले त्यांच्याच पुढ्यात निर्धास्त खेळतात. तसा मी तुमच्यापुढे बोलत आहे, असे ते म्हणतात. खुशामत करणाऱ्याच्या मनात भय असते, आणि त्या भयाचा तो मोबदला शोधीत असतो. पिलाच्या मनात भय नाही. आपले माणूस चुकीचे बोलले तर आपणच ते सावरून घेतो, असे पुढे समर्थ सुचवितात. म्हणजे श्रोत्यास मोठे म्हणता म्हणता ते त्याच्यावर एक कामही सोपवितात. ज्याची खुशामत करावयाची त्यास कोणी काम सांगत नाही.

कवेश्वरस्तवनात याच विचाराचे दुसरे अंग आहे. कवी नसते तर जगाचा उद्धार कशाने झाला असता, असा तेथे प्रश्न आहे. मागे होऊन गेलेल्या थोरांची नावे आज आपणांस ठाऊक आहेत ती कोणी तरी ती शब्दांत बांधून ठेवली म्हणून. 'हे नसते तर' या एका प्रश्नाने उपकार जाणण्याची ही रीत दिसावयास साधी आहे, पण ती रोज वापरणारा माणूस विरळा. आपण बहुधा वस्तू गेल्यावर तो प्रश्न विचारतो. २०२२ च्या ऑगस्टात जांबेच्या राममंदिरातील जुन्या मूर्ती चोरीस गेल्या, तेव्हा आमच्या भागातील जी माणसे वर्षानुवर्षे त्या मंदिरावरून जाता-येता मान वळविण्याचीही तसदी घेत नसत, तीही बेचैन झाली. त्याच वर्षी मूर्ती परत मिळाल्या. स्तवन म्हणजे ही बेचैनी वस्तू जागेवर असतानाच अनुभवणे होय.

नरदेहस्तवन हा या दशकाचा कळस. त्याचा आरंभ 'धन्य' या शब्दाने आहे, आणि पारमार्थिक ग्रंथात देहाची निंदा ऐकावयास बसलेला वाचक येथे चमकतो. हा देह थोटा असता, पांगळा असता, आंधळा, बहिरा, मुका असता तर काय झाले असते, असे एकामागून एक विचारून समर्थ प्रत्येक इंद्रियावरून जणू हात फिरवितात. खांदेमळणीचीच ही क्रिया. आणि मग, या देहाच्या घरास 'माझे' म्हणणाऱ्यावर ते जी थट्टा उडवितात तिला मराठीत जोड नाही. उंदीर म्हणतात घर आमचे. पाली म्हणतात आमचे. माश्या, मुंग्या, विंचू, साप, झुरळे, मांजरे, कुत्री सर्व आपापला हक्क सांगतात. चोर म्हणतात आमचे, राजाची माणसे म्हणतात आमचे, आणि शेवटी आग म्हणते घर माझे आहे. ज्याने मराठवाड्यातील माळवदाच्या घरात बालपण काढले आहे, रात्री डोक्यावरच्या लाकूडमातीत खुडखुड ऐकली आहे, आणि सकाळी जोडा झटकल्याशिवाय पाय घातला नाही, त्याला हा दृष्टांत नव्हे, हे घराचे यथातथ्य वर्णन आहे असेच वाटेल. परंतु थट्टेखालचा विचार गंभीर आहे. देह आपला नाही, तो थोड्या दिवसांसाठी वापरावयास मिळाला आहे. म्हणूनच तो धन्य. मालकीच्या वस्तूविषयी कृतज्ञता वाटत नाही. उसन्या वस्तूविषयीच ती वाटते.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. उपकार जाणण्याचा हा मार्ग समर्थांनी एकट्याने शोधला असे नव्हे. गोदावरीच्या काठाने तो त्यांच्याकडे चालत आला. शके १२१२ मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरी पुरी झाली, तेव्हा ग्रंथाच्या अखेरीस ती लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचे नाव आले. ज्याच्या बोटांनी नऊ हजार ओव्या उतरविल्या, त्याचे नाव ग्रंथाच्या पोटातच राहिले. पुढच्या प्रतकारासही ते गाळता येईना. पैठणच्या एकनाथांनी तर आणखी एक पाऊल टाकले. पाठभेदांनी गढूळ झालेली ज्ञानेश्वरी त्यांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केली, आणि या ग्रंथात कोणी आपली ओवी घातली तर ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवण्यासारखे होईल, असे बजाविले. एकनाथ स्वतः समर्थ कवी होते. ओवी त्यांच्या हातचा मळ होती. तरीही त्यांनी पूर्वसूरींची सेवा केली ती त्यात स्वतःची भर न घालता. पूर्वसूरींविषयीची कृतज्ञता व्यक्त करावयास ग्रंथ अर्पण करण्यापेक्षा ग्रंथ नीट करणे हा किती तरी कठीण मार्ग आहे. आमच्या विद्यापीठांतून गौरवग्रंथ पुष्कळ निघतात. शुद्ध संहिता फार थोड्या निघतात.

आता या दशकातील एक उणीव. ही मी शोधून काढलेली नाही. तिचा मान माझ्या आईचा. दुपारची झाकपाक झाली, की ती अंबडच्या घरी माजघरात चष्मा चढवून दासबोधाचा एक समास वाचीत असे. एकदा सुट्टीत मी घरी होतो. तिने पोथी मांडीवरच ठेवून मला विचारले, "का रे, गणपतीचं केलं, गुरूचं केलं, ऐकणाऱ्यांचंसुद्धा केलं. आईचं स्तवन नाही का केलं समर्थांनी कुठं?"

मी त्या वेळी प्राध्यापकी थाटात उत्तर दिले, की देहाचे स्तवन आहे त्यात ते आलेच. तिने मान हलविली. परंतु ती मान पटल्याची नव्हती. पुढे पुष्कळ वर्षांनी मी दशकाच्या शेवटावरून पुढील दशकाच्या आरंभाकडे पाहिले, तेव्हा तिच्या प्रश्नाचे महत्त्व कळले. नऊ स्तवने संपतात आणि दुसऱ्या दशकात मूर्खलक्षणे सुरू होतात. त्या लांबलचक यादीत अगदी आघाडीस कोण आहे? ज्यांच्या पोटी जन्मला त्यांच्याशीच जो विरोध करतो तो. म्हणजे स्तवनांच्या मालिकेत आईस जागा मिळाली नाही, पण मालिका संपताच, तिचे केलेले न जाणणारा हा पहिल्या नंबरचा मूर्ख म्हणून उभा आहे. कृतज्ञांच्या यादीत आई नाही. कृतघ्नांच्या यादीत पहिली ओळ तिची आहे. ही योजना मुद्दाम केलेली असेल असे मी म्हणत नाही. ग्रंथकारास जे सर्वांत जवळून लागते, ते त्याच्या लेखणीत सरळ उतरत नाही, असे मला वाटते.

दुसरे एक स्थान असेच. चौदाव्या दशकात भिक्षानिरूपणाचा समास आहे. भिक्षेने माणसांच्या ओळखी होतात, भिक्षा ही कामधेनू आहे, ती मागणारा निर्भय असतो, लोकांनी पुष्कळ आणले तरी थोडेच घ्यावे, असे तेथे फार शहाणपणाचे सांगितले आहे. भिक्षेची स्तुती आहे; भिक्षा घालणारीची नाही. आणि भिक्षेच्या हाकेत तर 'भवति' या संबोधनाने घरच्या स्त्रीलाच बोलाविलेले असते! पीठ दळणारी, चुलीवरचे उतरवून दारापर्यंत येणारी, घरात कमी असेल तरी ओंजळ भरणारी ती बाई त्या समासात उंबऱ्याच्या आतच राहिली आहे. लोकांनी मात्र ही उणीव आपल्या परीने भरून काढली. चिडलेल्या एका बाईने समर्थांच्या अंगावर पोतेरे फेकले. त्यांनी ते धुऊन त्याच्या वाती केल्या व देवापुढे लावल्या, अशी आख्यायिका घरोघर सांगतात. ती खरी असो वा नसो. भिक्षा घालणाऱ्या बाईस ग्रंथात जागा मिळाली नाही, म्हणून ती पोतेरे घेऊन कथेत शिरली, अशी माझी समजूत आहे.

वाचक म्हणतील, हे सर्व एका विरक्त पुरुषाकडून मागणे अन्याय्य आहे. तसे असेलही. परंतु विरक्त नसलेल्यांचे तरी काय? साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. मराठीत कृतज्ञतेचे एवढे सरळ पुस्तक दुसरे नाही, आणि रोजच्या आयुष्यातील एवढ्या लहान लहान गोष्टींवर उभे असलेलेही दुसरे नाही: अंघोळीनंतरची पावले, फुलांच्या कळ्या, उसनवारीचे तांदूळ. त्यातील अश्रू कधी कधी मला जास्त वाटतात. समर्थांचा कोरडेपणा त्यापुढे बरा वाटतो. पण तेथेही अखेर श्याम घरी पोचतो तेव्हा आई गेलेली असते. पुस्तकातील जाण एवढी तपशीलवार आहे ती ज्या मुलास वेळेवर पोचता आले नाही त्याची आहे. समर्थ तर, परंपरा सांगते त्याप्रमाणे, बाराव्या वर्षी बोहल्यावरून निघाले ते चोवीस वर्षांनी परत आले. आमच्या वाङ्मयातील उपकार जाणणारी पुस्तके घरापासून दूर गेलेल्या मुलांनी लिहिली आहेत. घरी राहिलेल्या मुलांनी पुस्तके लिहिली नाहीत. ते विहिरीवरून पाणी आणीत होते.

ह्या विधानात मी स्वतःस वगळू इच्छीत नाही. माझे पहिले पुस्तक निघाले तेव्हा मी परगावी नोकरीस होतो. मुद्रिते तपासावयाची राहिली होती म्हणून त्या वर्षी दिवाळीस घरी गेलो नाही. ऋणनिर्देशात मात्र शेवटच्या ओळीत, 'मातोश्रींच्या ऋणातच राहणे मला आवडेल' असे वाक्य होते. ते लिहिताना मला बरेच समाधान वाटले होते. पुस्तक घेऊन अंबडास गेलो. आईने ते पान दोनदा वाचले, बोट ठेवून वाचले, आणि म्हणाली, "चांगलं लिहिलंस. पण हे तू कुणाला सांगतोयस? मी तर इथंच होते की." रागाने म्हणाली नाही. तिला खरोखर माहीत करून घ्यावयाचे होते. त्या पुस्तकावर पुढे दोन-तीन परीक्षणे आली, त्यांत विषयप्रतिपादनाचे गुणदोष दाखविलेले होते. परंतु याहून अचूक आक्षेप कोणत्याही परीक्षकाने घेतला नाही.

आई गेल्यावर तिची पोथी माझ्याकडे आली. वाचनाच्या खुणा तिने कोठेही केलेल्या नाहीत. फक्त नरदेहस्तवनाच्या पानावर हळदीचे एक बोट उमटलेले आहे. उंदीर आणि पालींच्या त्या ओव्या वाचताना ती दरवेळी हसत असे. समर्थांच्या चरित्रातील एक प्रसंग मात्र ती वाचीत नसे, सांगत असे. चोवीस वर्षांनी समर्थ जांबेस आले ते सरळ घरात शिरले नाहीत. अंगणात गोसाव्यासारखे उभे राहून त्यांनी भिक्षेची हाक दिली. राणूबाईंची दृष्टी गेली होती. त्यांनी आतूनच सुनेस सांगितले, की दारी गोसावी आला आहे, त्यास भिक्षा घाल. तेव्हा समर्थ म्हणाले, हा गोसावी आज भिक्षा घेऊन जाणारा नाही. आणि त्या आवाजावरून आईने मुलास ओळखले. पुढे तिला दृष्टी आली, हे कोणते भूत वश केलेस असे तिने विचारले, समर्थांनी तिला बोध केला, काही काळ राहिले व पुन्हा निघाले, आईच्या अंतकाळी मात्र ते जांबेस होते, असे चरित्रकार सांगतात.

आई इतके पुढे जात नसे. आवाज ओळखला एवढ्यावर ती थांबे, थोडा वेळ चष्म्याची काच पुसत बसे, आणि मग प्रत्येक वेळी तोच प्रश्न काढी: "सून भिक्षा घेऊन दारापर्यंत आली होती ना? मग ती भिक्षा कुणी घेतली रे?" समर्थचरित्रे मी पुष्कळ चाळली. ह्या प्रश्नाचे उत्तर मला त्यांत मिळालेले नाही.